सरखेल कान्होजी आंगरे : पाणी ओळखून नाव बांधणारा सेनानी



दिल्लीहून मुंबईचा समुद्र हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आपल्या भागात पाणी म्हणजे यमुना, तिच्यातून निघालेले कालवे आणि पावसाळ्यात तुंबणारे रस्ते. अशा ठिकाणच्या शाळेत फायबरग्लासच्या शिडाच्या होड्या का बनवायच्या, असा प्रश्न पालकसभेत दरवर्षी कोणीतरी विचारतेच. वर्कशॉपचा शिक्षक या नात्याने उत्तर मला द्यावे लागते. होडी बनवताना हात, डोळा आणि शिस्त एकदम घडते, हे माझे नेहमीचे उत्तर. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पुरे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे, म्हणून यंदाच्या मराठी पानासाठी मी त्यांचे चरित्र निवडले. ते म्हणजे मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंगरे. माझे गाव अलिबागजवळ असल्याने हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यांचे मोल मात्र मला होडीच्या साच्यावर काम करू लागल्यावर कळले.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. आंगरे घराणे मूळचे मावळातले. त्यांचे पूर्वीचे आडनाव संकपाळ, आणि आंगरवाडी या गावावरून ते आंगरे झाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. म्हणजे कुळ डोंगरातले, पण मुलगा वाढला हर्णैच्या किनाऱ्यावर, सुवर्णदुर्गाच्या सावलीत. त्या किनाऱ्यावर कोळी, भंडारी, खारवी, दालदी अशी दर्यावर्दी माणसे पिढ्यानपिढ्या राहत होती. वारा कधी फिरतो, भरतीचे पाणी कोणत्या खडकावर किती चढते, ढग पाहून शीड केव्हा उतरवायचे, ही विद्या कान्होजींना या माणसांच्या संगतीत मिळाली.

ते दहा-अकरा वर्षांचे असताना, १६७९ मध्ये, मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. हे काम मायनाक भंडारी यांच्याकडे होते. इंग्रजांनी बेटाला मोठ्या जहाजांचा वेढा घातला. तरीही मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून, खडकांच्या मधून, दगड, चुना आणि धान्य घेऊन बेटावर पोहोचतच राहिल्या. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्या पाण्यात शिरता येत नव्हते. शेवटी वेढा उठला आणि किल्ला उभा राहिला. लहान नावेची ताकद या किनाऱ्याने तेव्हाच पाहिली होती. पुढे चाळीस वर्षांनी कान्होजींनी तोच धडा अधिक मोठ्या शत्रूंना दिला.

तरुणपणी सुवर्णदुर्गावर त्यांनी नाव कमावले. किल्लेदार शत्रूला फितूर होण्याच्या बेतात असताना कान्होजींनी तो बेत उधळून किल्ला राखला, असे परंपरा सांगते. तो काळ फार कठीण होता. औरंगजेब दिल्ली सोडून दख्खनेत उतरला होता, संभाजी महाराजांची हत्या झाली होती, राजाराम महाराज जिंजीला होते. जमिनीवर किल्ल्यामागून किल्ले पडत होते. किनाऱ्यावर जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या वतीने दर्या सांभाळत होता. मोगल बादशाहीकडे लाखाची फौज होती, पण पश्चिम समुद्रावर तिची भिस्त सिद्दीवर होती. दिल्लीकरांनी समुद्र दुसऱ्याच्या हाती सोपवला होता, ही गोष्ट दिल्लीत बसून वाचताना आपण विशेष लक्षात ठेवावी.

१६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर यांच्यामागे मराठी आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. सरखेल हा किताबही त्यांना मिळाला. तेव्हा ते तिशीच्या आसपास होते. हाती आलेले आरमार थोडके होते आणि खजिना जवळजवळ रिकामा होता. समोर चार शत्रू होते : सिद्दी, गोव्याचे आणि वसईचे पोर्तुगीज, मुंबईचे इंग्रज आणि डच. त्यांच्यापैकी युरोपीयांशी मोठ्या जहाजांची बरोबरी करायची म्हटले तर पैसा नाही, तोफा नाहीत आणि तसली जहाजे बांधणारे हातही नाहीत. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला पहिली जहाजे बांधायला घेतली तेव्हा काही पोर्तुगीज कारागीर कामावर होते, आणि ते काम अर्धवट टाकून निघून गेले. उसन्या हातांवर आरमार उभे राहत नाही, हा अनुभव मराठ्यांच्या गाठीशी होता.

कान्होजींनी मग जे आपले होते त्यावर भर दिला. कोकणचा सुतार, सह्याद्रीतला साग, खाड्यांचे उथळ पाणी आणि किनाऱ्यावरची माणसे ही त्यांची सामग्री. तिच्यातून उभ्या राहिल्या गुराबा आणि गलबते.

ही बांधणी नीट समजून घेण्यासारखी आहे. गुराब दोन डोलकाठ्यांची, क्वचित तीन. दोन काठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशेपर्यंत. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, पण तळ असा की पाण्यात फार खोल बुडत नाही. मधला भाग रुंद आणि पुढे निमुळता होत गेलेला, त्याच्याही पुढे पाण्यावर झेपावलेली लांब नाळ. समोरून लाट आली की अशी नाव जोरात पुढे-मागे डुलते आणि नाळेवर पाणी चढते. म्हणून नाळेच्या फळ्यांना बाजूचे कठडे ठेवलेलेच नव्हते. चढलेले पाणी आपोआप निथळून जाई. मुख्य तोफा पुढे तोंड करून नाळेच्या वरून मारा करीत.

गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतले. त्यावर एक मोठे तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. कित्येक गलबतांवर वजन कमी राहावे म्हणून लाकडी फळ्यांऐवजी चिरलेल्या बांबूचे तक्तपोस असे आणि त्यावर लहान फिरत्या तोफा. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी खिळून राही. गलबत वल्ह्यांवर ताशी चार मैल चाले आणि गुराबेलाही दोर लावून ओढून नेई. लढाईची रीतही या बांधणीला साजेशी होती. शत्रूच्या जहाजाच्या कुशीला, म्हणजे त्याच्या तोफांच्या रांगेसमोर, जायचेच नाही. मागच्या बाजूने जायचे, जिथे त्याच्या तोफा कमी, आणि डोलकाठ्या व शिडे फोडायची. जहाज पांगळे झाले की गलबतांतली माणसे सगळ्या बाजूंनी चढाई करीत.

आपल्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी काम केले आहे त्यांना यातले मर्म लवकर कळेल. आपण ऑप्टिमिस्ट धाटणीची लहान होडी करतो. लांबी दोन मीटर तीस सेंटिमीटर, आणि नुसत्या सांगाड्याचे वजन पस्तीस किलोच्या आसपास राखायचे. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स या होडीबांधणाऱ्याने मुलांसाठी हा आराखडा केला, तो प्लायवूडच्या दोन तक्त्यांत बसेल असा. आता ती फायबरग्लासची बनते. आधी साचा घासून त्यावर मेणाचे हात द्यायचे, मग जेलकोट, मग काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागते. त्याहून जास्त ओतले तर होडी मजबूत होत नाही, नुसती जड आणि ठिसूळ होते. कमी पडले तर मॅट कोरडी राहते आणि तिथून पाणी शिरते. रोलर फिरवून हवेचा प्रत्येक बुडबुडा काढावा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिसापलीकडे गेला की हार्डनर मोजून कमी करावा लागतो, नाहीतर डब्यातच रेझिन घट्ट होते. जानेवारीच्या धुक्यात तेच रेझिन तासन्‌तास ओले राहते. साच्यात राहिलेला दोष त्यातून निघणाऱ्या प्रत्येक होडीत उतरतो.

कान्होजींच्या गोदीत फायबरग्लास नव्हते, पण काळजी याच जातीची होती. सागाच्या फळ्या सांध्याला सांधा लावून जोडायच्या, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, वरून राळ भरायची. रेझिन या शब्दाला आपल्याकडे राळ हाच जुना शब्द आहे. पावसाळा लागला की दर्या बंद. नावा ओढून किनाऱ्यावर घ्यायच्या, तळ खरवडायचा, कुजलेली फळी बदलायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायच्या. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत खडक फोडून केलेली, आंगऱ्यांच्या काळाशी जोडली जाणारी गोदी आजही पाहायला मिळते. भरतीला नाव आत घ्यायची, ओहोटीला पाणी उतरले की ती कोरड्यावर बसते आणि सुतारांचे काम सुरू होते. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले म्हणजे नुसते तट आणि बुरूज नव्हते. आरमाराला दुरुस्तीला आणि आसऱ्याला यायची ती घरे होती. म्हणून एक गलबत बुडाले तर कान्होजींचे आरमार अडत नसे. पुढच्या हंगामात दुसरे तयार असे.

आता त्यांच्या राजकारणाकडे वळू. १७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि शाहू महाराज सुटून आले. मराठी राज्यात दोन तट पडले. कान्होजी ताराबाईंच्या बाजूला राहिले. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. मग १७१३ मध्ये पेशवाईची वस्त्रे मिळालेले बाळाजी विश्वनाथ पुढे आले. ते मूळचे श्रीवर्धनचे, कोकण जाणणारे. त्यांनी लढाईऐवजी बोलणी केली. समेट झाला, कान्होजींनी शाहू महाराजांना धनी मानले, पेशव्यांना सोडले आणि सरखेली व किल्ले त्यांच्याकडेच राहिले. या समेटामुळे सातारकरांची पश्चिमेची बाजू निर्धास्त झाली. पुढे बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीला आले आणि १७१९ मध्ये बादशाहाकडून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. यमुनेकाठी मराठी फौज ज्या निश्चिंतीने उभी राहिली, त्यात पाठीमागचा किनारा सांभाळणाऱ्या सरखेलांचा वाटा होता.

समुद्रावर कान्होजींनी दस्तक सुरू केले. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने ठरलेली रक्कम भरून परवाना घ्यावा, नाहीतर जहाज जप्त होईल. पोर्तुगीज अनेक वर्षे हेच करीत आले होते आणि त्याला कायदा म्हणत होते. कान्होजींनी केले तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. १७१२ मध्ये तर मुंबईच्या गव्हर्नरांची अल्जेरीन ही शस्त्रसज्ज यॉट त्यांच्या ताब्यात आली, आणि इंग्रजांना तह करून ती सोडवून न्यावी लागली. कान्होजींच्या माणसांनी जहाजे पकडली, खंडणी घेतली, माणसे कैदेत ठेवली, हे खरे आहे. ते लपवण्याचे कारण नाही. पण ते स्वतःच्या नावावर लूट करणारे दर्यावरचे भटके नव्हते. छत्रपतींचे अधिकारी म्हणून, आपल्या किनाऱ्यावर आपला हुकूम चालावा यासाठी ते लढत होते.

मग आले गव्हर्नर चार्ल्स बून. त्यांनी मुंबईला तट घातला, नवी लढाऊ जहाजे बांधवली आणि आंगऱ्यांना मोडून काढायचे ठरवले. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला, तो फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर झाला, तोही फसला. १७२० मध्ये इंग्रजांनी एक खास तरता किल्लाच बांधला. त्याचे नाव फ्राम. जाड भिंतींचा, सपाट तळाचा, अवजड तोफांचा. किल्ल्याच्या अगदी जवळ न्यायचा आणि भिंती फोडायच्या, असा बेत. विजयदुर्गासमोर तोफांना बत्ती दिली तेव्हा कळले की तोफांच्या खिडक्या फारच खाली आहेत. तोफ वर उचलता येईना आणि गोळे थोड्या अंतरावर पाण्यातच पडू लागले. एवढा पैसा, एवढे लाकूड, एवढी माणसे, आणि खिडकीची उंची चुकली! मापाची चूक किती महाग पडते, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

१७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडच्या आरमाराचे कमोडोर मॅथ्यूज आपली जहाजे घेऊन आले, जमिनीवरून हजारोंची फौज आली आणि अलिबागला कुलाबा किल्ल्यावर चाल झाली. कान्होजींनी पन्नाशी ओलांडली होती. त्यांनी शाहू महाराजांकडे मदत मागितली आणि तरुण बाजीराव पेशवे घोडदळासह धावून आले. हल्ला मोडला. दोस्तांमध्ये बेबनाव झाला, पोर्तुगीजांनी बाजीरावांशी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवीत मुंबईला परतले. दर्या आणि जमीन, आरमार आणि घोडदळ एका धन्याच्या नावाने खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तेव्हा काय होते ते अलिबागच्या किनाऱ्याने त्या दिवसांत पाहिले.

जुलै १७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाले. तोवर त्यांना समुद्रावर कोणीही निर्णायकपणे हरवू शकले नव्हते. अलिबागला त्यांची समाधी आहे.

चरित्र इथे संपवले असते तर तुम्हाला बरे वाटले असते. पण पुढचा भाग सांगितल्याशिवाय हा माणूस पुरता समजत नाही.

थोरले पुत्र सेखोजी यांनी काही वर्षे घर एकत्र राखले. १७३३ मध्ये ते गेले आणि भावांत फूट पडली. मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्गाला. एक आरमार दोन झाले. संभाजींच्या मागून तुळाजी आले. ते शूर होते, पण पेशव्यांशी त्यांचे वैर विकोपाला गेले. अखेर नानासाहेब पेशव्यांनी आंगऱ्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंगऱ्यांच्या नावा किल्ल्याच्या आडोशाला एकमेकींजवळ उभ्या होत्या. इंग्रजांकडून पूर्वी जिंकून घेतलेल्या रिस्टोरेशन या जहाजावर एक गोळा पडला आणि ते पेटले. आग तिथून गुराबांवर गेली. थोड्या वेळात जवळजवळ सगळे आरमार जळाले.

मराठ्यांच्याच राज्याचे आरमार मराठ्यांच्याच संमतीने परक्यांनी जाळले, याचे दुःख आपल्या इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. वर्कशॉपमधला माणूस म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. नावा जळणे हे आरमाराला नवीन नव्हते. कान्होजींच्या काळीही नावा जळाल्या, बुडाल्या, पकडल्या गेल्या, आणि प्रत्येक वेळी गोदीतून नव्या निघाल्या. १७५६ नंतर मात्र विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, धुळपांनी तिथे आरमार चालवलेही, तरी तो पूर्वीचा जोर परत आला नाही. मागचा धनी, मागची एकी आणि गोदीवर खर्च करण्याची इच्छा उरली नव्हती. राज्यविस्ताराकडे पाहताना किनाऱ्याकडे पाठ झाली. मोगलांनी दर्या दुसऱ्यावर सोपवला होता, तीच चूक पुण्याने केली. त्यानंतर समुद्रावरून आलेल्यांनी पुणेही घेतले आणि दिल्लीही.

स्वतंत्र भारताने कान्होजींची आठवण ठेवली. १९५१ मध्ये मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव मिळाले. भारतीय टपाल खात्याने १९९९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या खांदेरीवरून इतक्या लढाया झाल्या, तिथल्या दीपगृहालाही त्यांचे नाव आहे. ज्याला चाचा म्हटले, त्याच्या नावाच्या दिव्याकडे पाहून आज सगळ्या देशांची जहाजे मुंबई बंदराची वाट ओळखतात.

पालकहो, तुमच्या मुलांपैकी नौदलात किती जातील ते मी सांगू शकत नाही. पुष्कळजण सैन्यात, हवाईदलात किंवा साध्या नोकरीव्यवसायात जातील. पण देशाचे रक्षण कशावर चालते, हे त्यांना हातांनी कळलेले असावे. शस्त्र विकत घेता येते. ते दुरुस्त करणारा, त्याचे माप जाणणारा आणि आपल्या पाण्याला साजेसे नवे करणारा माणूस विकत मिळत नाही. तो तयार करावा लागतो, आणि दर पिढीत पुन्हा तयार करावा लागतो.

कॅडेट मित्रांनो, सुट्टीत कोकणात गेलात तर ओहोटीच्या वेळी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जा. भरतीची वेळ आधी विचारून ठेवा. पाणी चढू लागले की परतीची वाट बंद होते, आणि ते कोणाच्याही हुद्द्याकडे पाहत नाही. त्या पाण्याला मान देऊन, त्याचे माप घेऊन ज्यांनी आपल्या नावा बांधल्या, त्या सरखेलांच्या समाधीपुढे एक सॅल्यूट जरूर करा.